कानातून शिरलेला शत्रू

मृग लागला की कोल्हापुरातल्या जुन्या घरांच्या मोऱ्यांत गोगलगायी दिसायला लागतात. पाठीवर शंख नसलेल्या, बोटभर लांब, मागं चकचकीत रेघ सोडत जाणाऱ्या. शिवाजी पेठेतल्या एका घरात 1999 च्या पावसाळ्यात दहा वर्षांची एक मुलगी रोज सकाळी दात घासायच्या आधी मोरी तपासून यायची. एखादी सापडली की आजीला वर्दी. आजी म्हणायची, "मग मीठ आण की गं, बघत काय बसलीयास?" मिठाची चिमूट पडली की गोगलगाय आक्रसायची, फेसाळायची, आणि मुलगी मनातल्या मनात एक शत्रू वजा करायची. आजीच्या हिशेबी ती मोरीची सफाई होती. नातीच्या हिशेबी पृथ्वीवर हल्ला झाला होता आणि शिवाजी पेठेची आघाडी तिच्याकडं होती.

हल्ल्याची खबर मुंबईच्या मामानं आणली होती. फोर्टात नोकरीला असलेला हा मामा फाउंटनच्या फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून भाचीसाठी काही ना काही उचलायचा. पोरीचं इंग्रजी सुधारावं, एवढाच हेतू. त्या वर्षी त्यानं चार पातळ पुस्तकं आणली. एका मुखपृष्ठावर मुलगा टप्प्याटप्प्यानं सरडा होत चाललेला, दुसऱ्यावर एक मुलगा ससाणा होत चाललेला. आतल्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं आकडा: 20. एवढ्या रुपयांत परग्रहावरची सगळी फौज.

मालिकेचं नाव 'अ‍ॅनिमॉर्फ्स'. लेखिका के. ए. अ‍ॅपलगेट, नवरा मायकेल ग्रँट लिहिण्यात जोडीला. जून 1996 मध्ये पहिलं पुस्तक निघालं आणि मे 2001 पर्यंत मूळ मालिकेचे 54 भाग झाले. जवळपास महिन्याला एक. या वेगानं दोन हातांनी लिहून होत नाही. पंचविसाव्या भागापासून पुढचे बरेचसे भाग इतर लेखकांनी ठरलेल्या आराखड्यावरून लिहिले. हे तिला फार उशिरा कळलं, पण कळल्यावर राग आला नाही. मसाला तोच आणि हात दुसरा असला की रस्सा जसा लागतो, तसे मधले काही भाग का लागले होते, याचा उलगडा तेवढा झाला.

गोष्ट अशी. अमेरिकेतल्या एका गावात पाच शाळकरी मुलांसमोर एक यान उतरतं. आतला मरणाच्या दारातला परग्रहवासी त्यांना एक शक्ती देऊन जातो: ज्या जिवंत प्राण्याला स्पर्श कराल त्याचं रूप घेता येईल, पण दोन तासांच्या आत परतला नाहीत तर कायमचे त्याच देहात अडकाल. शत्रूचं नाव यीर्क. यीर्क म्हणजे गोगलगायीसारखा बुळबुळीत, आंधळा जीव. तो कानातून शिरतो, मेंदूच्या वळ्यांत पसरतो आणि माणसाचा ताबा घेतो. माणूस आत जागाच असतो, त्याला सगळं दिसतं, ऐकू येतं, फक्त हात आणि जीभ आपली राहत नाही. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. जेक या मुख्य मुलाचा सख्खा भाऊ टॉम असाच ताब्यात गेलेला, आणि दोघं रोज एका टेबलाशी जेवायला बसतात.

हे समजायला कोल्हापूरच्या मुलीला काहीच कष्ट पडले नाहीत. आपली भाषा या हल्ल्याची तयारी आधीपासून करून बसली आहे. आपल्या डोक्यात किडा वळवळतो. लोक आपले कान भरतात. आणि अंगात येणं तर तिनं जत्रेत स्वतः पाहिलेलं: शेजारची रोजची बाई, पण आवाज वेगळा, नजर वेगळी. गल्लीतल्या पोरांना गोष्ट सांगताना तिनं यीर्क हा शब्दच वापरला नाही. "कानातनं किडा आत जातो, मग बोलतोय ते त्यो न्हवंच," एवढ्यावर भागायचं.

अडचण होती ती वेगळीच. पेठेतल्या पोरांना शत्रू जर्सीवरून ओळखायची सवय. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की कोण आपला आणि कोण मंगळवार पेठेतला हे लांबून कळतं, त्यात शंकेला जागा नाही. इथं शत्रूला जर्सीच नव्हती. तो आपल्याच घरात, आपल्याच ताटात जेवत असणार. यीर्कला दर तीन दिवसांनी माणसाच्या डोक्यातून उतरून जमिनीखालच्या एका तळ्यात डुंबावं लागतं, नाही तर तो उपाशी मरतो. तेव्हा ओळखायचा एकच उपाय, दर तिसऱ्या दिवशी कोण गायब होतं ते बघणं. तिनं वहीत नोंदी ठेवल्या. बाबा बुधवारी आणि रविवारी सकाळी पिशवी घेऊन तासभर नाहीसे व्हायचे. दोन आठवडे तिची झोप उडाली होती. ते मटण आणायला जातात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण यीर्क हुशार असतो, तो मटणसुद्धा आणेल.

शक्ती मिळवायचा प्रयत्नही झाला. कसबा बावड्याच्या रस्त्यावरचा नवा राजवाडा शाळेच्या सहलीत पाहायला गेले तेव्हा ती रांगेतून निसटून पेंढा भरलेल्या वाघासमोर उभी राहिली. कोल्हापूरच्या महाराजांच्या शिकारी, भिंतीवर मुंडकी, काचेआड जनावरं. काचेच्या कडेला फट होती. बोट आत जाईना. शिवाय पुस्तकातला नियम तिला पाठ होता, प्राणी जिवंत हवा. तरी तिनं डोळे मिटून मनापासून प्रयत्न केला, आणि बाईंनी दंडाला धरून रांगेत आणून उभं केलं.

त्या पुस्तकांत आणखी एक गंमत होती. उजव्या पानांच्या खालच्या कोपऱ्यात छोटी चित्रं. अंगठ्यानं पानं भराभर सोडली की मुलाचा प्राणी होताना दिसायचा. तिसऱ्या भागात टोबायस नावाचा मुलगा लाल शेपटीचा ससाणा व्हायचा. हा टोबायस पहिल्याच भागाच्या शेवटी दोन तासांची मुदत चुकवतो आणि ससाण्याच्या देहात अडकून पडतो. घरी कुणी त्याची वाट बघणारं नाही, म्हणून बोंबही होत नाही. तिसऱ्या भागात तो पहिल्यांदा उंदीर मारून खातो आणि स्वतःचीच शिसारी येऊन सैरभैर होतो. दहाव्या वर्षी तिला हे प्रकरण कंटाळवाणं वाटलं, लढाई कधी येते असं झालं. पण कोपऱ्यातली पानं मात्र ती उलटी सोडायची. मागून पुढं सोडली की ससाण्याचा मुलगा व्हायचा. गोष्टीत न घडणारी गोष्ट अंगठ्याखाली घडायची.

मामाच्या ढिगात भाग क्रमानं मिळत नसत. तिच्याकडं पहिला, तिसरा, सहावा आणि एकोणिसावा होता. मग सातवा आला, मग एकदम बाविसावा. मधलं सगळं अंदाजानं भरायचं. परदेशी मालिका वाचणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक मुलांचं हेच झालेलं आहे: पहिला भाग उसना, शेवटचा हरवलेला आणि मधल्याला मुखपृष्ठ नाही. टोबायसला तेराव्या भागात रूप बदलायची शक्ती परत मिळते, हवं तर माणूस होऊन राहायची वाटही खुली होते, आणि तो ससाणाच राहतो. तेरावा तिला मिळालाच नाही. त्यामुळं कितीतरी वर्षं तिच्या लेखी तो मुलगा झाडावर बसून होता. रंकाळ्यावर घार घिरट्या घालायला लागली की ती उगाच हात करायची.

एकोणिसाव्या भागानं तिची पंचाईत केली. त्यात कॅसी नावाची मुलगी मारामारीला विटून गट सोडते आणि रानात एका लहान मुलीच्या डोक्यात बसलेल्या यीर्कशी तिची गाठ पडते. दोघी बोलतात. यीर्क म्हणते ते साधारण असं: आम्ही जन्मतः आंधळे, गढूळ पाण्यात पडून राहणारे, एकदा तुमच्या डोळ्यांतून रंग बघितल्यावर परत त्या चिखलात जा असं सांगणारी तू कोण? कॅसीला उत्तर सुचत नाही. कोल्हापुरातल्या मुलीलाही सुचलं नाही, आणि न सुचल्याचा राग तिनं कॅसीवर काढला. रडूबाई मेली. शूर होती ती रेचल. अस्वल होऊन भिडणारी, कधी नको न म्हणणारी. तिनं दप्तरावर पेनानं रेचलचं नाव लिहिलं आणि आईचा मार खाल्ला.

मग नववी-दहावी आली. पुस्तकं माळ्यावर गेली, आणि मुखपृष्ठावरच्या अर्ध्या सरडा झालेल्या मुलाची लाज वाटायला लागली.

त्याच सुमारास आजोबांनी तिला नारळीकर वाचायला दिले. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, 19 जुलै 1938, आणि आजोबांना त्याचा अभिमान असा की जणू बारशाचे घुगऱ्या-पेढे ह्यांनीच वाटले होते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा धाडली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हा किस्सा आजोबा पाहुण्यांना जेवताना सांगत. तिनं 'प्रेषित' वाचली. परग्रहावरून पृथ्वीवर पाठवलेलं मूल माणसांत वाढतं ही कल्पना तिला तेव्हा अळणी वाटली. हल्ला नाही, ताबा नाही, मीठ टाकायला कुणी नाही. परका जीव आला आणि आपण त्याला वाढवायचं, यात लढाई कुठं आहे? आजोबा म्हणाले, "ठेव. नंतर वाच." ती नंतर म्हणजे बऱ्याच नंतर वाचली, आणि त्या दोन वाचनांत बदललं ते पुस्तक नव्हतं एवढं कबूल करायला हवं.

शेवटचा भाग हाती आला तो 2009 मध्ये. ती पुण्यात नोकरीला होती. अमेरिकेहून आलेल्या मैत्रिणीनं तिच्या जुन्या वेडाची आठवण ठेवून 53 आणि 54 हे दोन भाग आणले. विसाव्या वर्षी, खोलीवर, रात्रीत दोन्ही संपवले. संपवून चोपन्नावा भिंतीवर भिरकावला.

कारण रेचल मरते. पुस्तकाच्या शेवटी थाटात मरते असंही नाही, सुरुवातीलाच मरते. तिला मरायला पाठवतो तो जेक, आणि कशासाठी, तर त्याच्याच भावाला ठार करायला. त्याच्या आधी जेकनं दुसरा एक हुकूम दिलेला असतो. शत्रूच्या मोठ्या यानातलं तळं मुलांच्या ताब्यात येतं; तळ्यात 17,372 यीर्क. नि:शस्त्र, आंधळे, माणसाच्या डोक्याबाहेर असलेले. जेक ते सगळे अवकाशात सोडून द्यायला सांगतो. त्यानं लढाईत फारसा फरकही पडत नाही. युद्ध जिंकलं जातं. मग शत्रूच्या सेनापतीवर हेगमध्ये खटला चालतो आणि बचाव पक्षाचा वकील जेकला त्या आकड्याबद्दल विचारतो. जिंकलेला मुलगा घरात पडून राहतो, कुणाशी बोलत नाही. हे का लहान मुलांचं पुस्तक? अनेक वाचकांनी तेव्हा हाच आरडाओरडा केला. अ‍ॅपलगेटनं 2001 मध्येच वाचकांना पत्र लिहून सांगितलं होतं की युद्धं अशीच संपतात, खांद्याला खांदा लावून लढलेले नंतर एकमेकांना नकोसे होतात, आणि शेवट आवडला नसेल तर मोठे व्हाल तेव्हा कुणी युद्धाची भाषा करताना हे लक्षात ठेवा. पत्र तिनं वाचलं. पटलं नाही. दहा वर्षं झाडावर बसलेल्या मुलाची आणि अस्वल झालेल्या मुलीची काळजी वाहणाऱ्या माणसाला उपदेश नको असतो.

पुढचं वाचन तिनं ठरवून केलेलं नाही. पुरानं करायला लावलं.

ऑगस्ट 2019. ती एव्हाना कोल्हापूरला परतली होती आणि नागाळा पार्कात तळमजल्यावर राहत होती. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, वीज नाही, प्यायला पाणी नाही. कागदपत्रं, दागिने, गॅसची टाकी आणि पुस्तकांचा एक खोका वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडं गेला. खोका का घेतलास, असं नवऱ्यानं विचारलं. तिला सांगता आलं नाही. चार दिवस खिडकीतून तपकिरी पाणी बघत आणि रात्री बॅटरीच्या उजेडात तिनं सहावा, एकोणिसावा आणि शेवटचे दोन भाग पुन्हा वाचले.

जिन्यात पुरुषमंडळींची चर्चा एकच. पाणी कुणी सोडलं? अलमट्टीवाल्यांनी अडवलं का, राधानगरीचे दरवाजे किती उघडलेत? राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठराविक पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात, तिथं कुणाला हुकूम द्यावा लागत नाही. एक शेजारी हे पुन्हापुन्हा सांगत होते, जणू त्यात काही दिलासा होता. तिला जेकचं पान आठवलं. तिथं दरवाजा आपोआप उघडला नव्हता. सोळा वर्षांच्या पोरानं तोंडानं सांगितलं होतं, आणि सांगताना त्याला आकडाही माहीत होता. विसाव्या वर्षी ज्या शेवटामुळं तिनं पुस्तक भिरकावलं, तोच शेवट आता तिला अख्ख्या मालिकेतला एकमेव पक्का भाग वाटायला लागला. बाकीचे त्रेपन्न भाग कुणीही लिहिले असते, आणि थोडेबहुत लिहिलेही.

सहावा भाग मात्र दुसऱ्याच वाटेनं आत शिरला. त्यात जेक स्वतः ताब्यात जातो. तीन दिवस त्याच्या डोक्यात यीर्क बसलेला, आणि आपण वाचतो ते आत कोंडलेल्या जेकचं बोलणं. बाहेरचा जेक हसतो, बोलतो. आतला ओरडतो आणि आवाज फुटत नाही. पूर ओसरल्यावर, घरातला गाळ काढून झाल्यावर, करवीर नगर वाचन मंदिरातून तिनं सहज आगरकरांचं डोंगरीच्या तुरुंगातल्या 101 दिवसांवरचं पुस्तक आणलं. टिळक-आगरकर तुरुंगात गेले ते 'कोल्हापूर प्रकरणा'त, हे शाळेत शिकवलं होतं. प्रकरण काय होतं हे कोल्हापुरातल्या शाळेतसुद्धा कुणी नीट सांगितलं नव्हतं.

प्रकरण होतं चौथ्या शिवाजी महाराजांचं. 1871 मध्ये दत्तक घेऊन गादीवर बसवलेला मुलगा. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखालच्या दिवाणाकडं. राजा वेडा झाला असं जाहीर झालं. दिवाण माधवराव बर्वे राजाचा छळ करतात असं 'केसरी' आणि 'मराठा'नं छापलं. पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं कोर्टात बनावट ठरली आणि 1882 मध्ये दोन्ही संपादक आत गेले. राजाला अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. तिथं 25 डिसेंबर 1883 रोजी, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, तो गेला. वय विशीचं. इकडं कोल्हापुरात मेजर मँट यांच्या आराखड्यावरचा नवा राजवाडा 1877 ते 1884 असा बांधला जात होता. ज्या वाघासमोर ती दहाव्या वर्षी डोळे मिटून उभी राहिली, तो त्याच इमारतीत.

गादी तीच, शिक्का तोच, नाव तेच, आणि आतून बोलणारा कुणी दुसरा. तिला वाटलं, हे तर सहाव्या भागातलंच. मग तिनं स्वतःला आवरलं. जेकला निदान अ‍ॅपलगेट भेटली, जिनं आतला आवाज लिहून काढला. या मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं याचा एक कागद नाही. त्याच्या बाजूनं जी पत्रं पुढं आली, तीही खोटी निघाली. तो वेडा होता की नाही, हे दिवाण सांगणार, डॉक्टर सांगणार, संपादक सांगणार. गोगलगाय कुणाच्या आत होती, हा प्रश्न इतिहासात कादंबरीइतका सोपा सुटत नाही.

परग्रहावरच्या स्वारीची गोष्ट मुळात अशाच परक्या सत्तेच्या मातीतली आहे, हेही तिला तेव्हाच उमगलं. एच. जी. वेल्सनं 1898 च्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'च्या पहिल्याच प्रकरणात टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा युरोपीयांनी केलेला संहार काढला आहे: मंगळावरचे लोक आपल्याशी असे वागले तर तक्रार कुठल्या तोंडानं करणार? इंग्रजाला ती कल्पना करण्यासाठी मंगळापर्यंत जावं लागलं. आपल्याकडं इंग्रजांची रेसिडेन्सी गावातच होती.

नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात गेले, तेव्हा तिनं 'प्रेषित' पुन्हा काढली. आजोबा नव्हते. यावेळी लढाईची वाट बघितली नाही.

सध्या तिच्या भावाची मुलगी नऊ वर्षांची आहे. मालिकेचं क्रिस ग्राईननं केलेलं चित्ररूप 2020 पासून निघायला लागलं, त्यातला पहिला भाग कुणीतरी तिला वाढदिवसाला दिला. आणि चित्रातलं संपल्यावर पोरीनं माळ्यावरचा खोका शोधून काढला. पुराच्या ओलीनं फुगलेली पुस्तकं ती पोटावर ठेवून वाचते. मोरीत गोगलगाय दिसली तर आत्या ती सुपलीवर घेऊन पेरूच्या बुंध्याशी सोडते आणि आजी, म्हणजे आत्याची आई, कपाळावर हात मारून म्हणते की त्या पुस्तकांनी ही पोरगी वाया गेली. सोडलेली गोगलगाय रातोरात कुंडीतली कोथिंबीर फस्त करते, हेही खरं आहे.

परवा भाचीनं तिसरा भाग संपवून विचारलं, "आत्या, ह्यो परत माणूस होतोय काय गं?"

"तेराव्यात बघ."

"तेरावा कुठाय?"

तेरावा नाही. पोरीनं थोडा विचार केला, पुस्तक मागच्या बाजूनं धरलं आणि अंगठ्यानं पानं सोडली. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. त्या कोपऱ्याला आता चिकटपट्टी लावावी लागली आहे. मामा निवृत्त होऊन डोंबिवलीत असतो, त्याचं फाउंटनला जाणं होत नाही. तेव्हा कुणाच्या माळ्यावर, कुठल्या रद्दीत किंवा अप्पा बळवंत चौकातल्या ढिगात अ‍ॅनिमॉर्फ्सचा तेरावा भाग दिसला, तर कृपा करून बाजूला काढून ठेवावा. वीस रुपयांच्या वर द्यायची तयारी आहे.